वीज, लाईट आणि जांभा: अर्थिंगचा एक किनारी इतिहास

मराठीत आकाशातून पडते ती वीज आणि महावितरण देतं तीही वीज. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. पुस्तकी मराठीने एकच ठेवला आणि बोलीने आपली सोय करून घेतली. माझ्या आजोळी, अंजनवेलला, "वीज गेली" असं कुणी म्हणत नाही. जाते ती लाईट, पडते ती वीज. आणि बहुतेक वेळा वीज पडली म्हणूनच लाईट जाते.

या लेखाचा विषय या दोन शब्दांच्या मधोमध आहे. घरात, टेबलावर, छपराखाली ठेवलेलं रेडिओचं यंत्र विजेपासून कसं वाचवायचं? प्रश्न साधा वाटतो. उत्तरही सगळ्यांना माहीत असतं: अर्थिंग करा, आणि गडगडायला लागलं की प्लग काढा. पण या उत्तराच्या दोन भागांपैकी पहिला आपण नीट समजून घेतलेला नाही आणि दुसरा काही ठिकाणी पाळताच येत नाही. समुद्रावर गेलेल्या माणसाशी बोलायचं यंत्र नेमकं वादळातच चालू असावं लागतं. ते बंद करून वाचवलं तर यंत्र वाचतं, पण ज्याच्यासाठी ते ठेवलं त्याचं काय?

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे एक जुनी थट्टा आहे की जगातला सर्वांत सुरक्षित सर्व्हर म्हणजे बंद करून कपाटात ठेवलेला सर्व्हर. हौशी रेडिओचा परवाना काढून आजोळच्या घरात एक छोटा सेट ठेवायचं ठरवलं तेव्हा ही थट्टा आठवली. अँटेना कुठे बांधायची, तार कुठून आत आणायची, अर्थिंगचा खड्डा कुठे खणायचा, हे शोधता शोधता मी अठराव्या शतकातल्या दारूकोठारांपाशी जाऊन पोचलो. तिथून परतीचा रस्ता लांबचा निघाला. तो इथे मांडतो.

जागा

अंजनवेल गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी, दक्षिण काठावर आहे. समोरच्या काठावर दाभोळ, ते दापोली तालुक्यात. खाडीच्या तोंडावर पहारा करणारा गोपाळगड आहे, जांभ्याच्या चिऱ्यांचा, आत आंब्याची झाडं. आदिलशाही, शिवाजी महाराज, सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे आणि १८१८ नंतर इंग्रज, एवढ्या सगळ्यांनी तो वापरला. पलीकडे समुद्रावर पुढे आलेल्या कड्यावर टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. आणि गावाला लागूनच तो वीजप्रकल्प, जो अख्ख्या देशाला 'एन्रॉन' या नावाने ठाऊक आहे.

विजेच्या दृष्टीने या जागेत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे उंची. सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, समुद्रातून सरळ वर येतं. त्यावर उभं असलेलं काहीही, मनोरा असो की माड की माणूस, आसपासच्या मैलभर प्रदेशात सर्वांत उंच ठरतं. दुसरी गोष्ट म्हणजे ऋतू. बाहेरच्यांना वाटतं कोकणात पाऊस म्हणजे गडगडाट. प्रत्यक्षात ऐन जुलैत पाऊस मुकाट्याने कोसळत असतो. विजा चमकतात त्या मृगाच्या आधीच्या वळवात आणि मग परतीच्या पावसात, हस्ताच्या आसपास. यातला पहिला काळ लक्षात ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस सडा आठ महिने तापून कोरडाठाक झालेला असतो. या मुद्द्याकडे पुन्हा यायचं आहे.

गावात विजेबद्दलचं शास्त्र आपापलं असतं. आजी गडगडाट सुरू झाला की कोयता अंगणात टाकायची. पायाळू माणसाने अशा वेळी बाहेर पडू नये असं आजही सांगतात. हसण्यासारखं काही नाही. लोखंड बाहेर टाकलं तर वीज घराऐवजी त्याच्याकडे जाईल, या कल्पनेवर युरोपातल्या विद्वानांनी शंभर वर्षं वाद घातला आहे.

दारूकोठारं

बेंजामिन फ्रँकलिनने १७५०च्या सुमारास सुचवलं की उंच टोकदार सळई उभारून तिचं दुसरं टोक जमिनीत गाडावं. कल्पना पसरायला वेळ लागला. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात साठवलेल्या बंदुकीच्या दारूवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर मात्र दारूगोळा बाळगणाऱ्या प्रत्येक सरकारला जाग आली. १७७२ मध्ये लंडनजवळच्या पर्फ्लीट इथल्या दारूकोठारांसाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली. समितीत स्वतः फ्रँकलिन आणि हेन्री कॅव्हेंडिश होते. समितीने टोकदार सळ्या सुचवल्या. एका सदस्याने, बेंजामिन विल्सनने, विरोध केला: टोक विजेला आमंत्रण देतं, बोथट गोळा लावा. १७७७ मध्ये तिथल्याच एका इमारतीवर वीज पडली, थोडं नुकसान झालं आणि वाद पेटला. तोवर अमेरिका बंड करून उठली होती, त्यामुळे तिसऱ्या जॉर्ज राजाने फ्रँकलिनच्या विरोधात, म्हणजे बोथट गोळ्याच्या बाजूने कौल दिला.

हा वाद समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. कलकत्त्यात विल्यम ओ'शॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर कंपनीच्या नोकरीत होता. १८३९ मध्ये त्याने तिथे तारायंत्राचे प्रयोग केले, आणि पुढे हिंदुस्थानातल्या तारखात्याचा तोच जनक ठरला. त्याच काळात कंपनी सरकारने विचारणा केली होती की दारूकोठारांना वीजवाहक सळ्या जोडाव्यात का. इमारतीला चिकटवलेल्या सळ्यांबद्दल ओ'शॉनेसीला शंका होती. हा पत्रव्यवहार पुढे बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. इंग्लंडमध्ये जहाजांना वीजवाहक बसवण्यासाठी आयुष्य वेचलेल्या विल्यम स्नो हॅरिसने लिहून ठेवलं आहे की १८३८च्या सुमारास कंपनीच्या संचालकांनी कोठारांवरच्या सळ्या काढून टाकायला लावल्या, आणि त्यानंतर डमडमचं एक कोठार आणि मुंबईत माझगावला दारूचे दाणे पाडायची इमारत वीज पडून उडाली.

माझगाव! आज तिथून जाणाऱ्या कुणाला याची कल्पना असेल असं वाटत नाही. पण विजेच्या संरक्षणाचा मुंबईतला इतिहास असा एका काढून टाकलेल्या सळईपासून सुरू होतो.

ओ'शॉनेसी अडाणी नव्हता. त्याला जी भीती वाटत होती ती खरी होती: सळईतून जाणारी वीज वाटेत शेजारच्या धातूवर उडी मारते. चूक उपायात होती. उडी मारते म्हणून सळई काढायची, की उडी मारायचं कारणच नाहीसं करायचं? पुढची शंभर वर्षं याच प्रश्नाभोवती फिरतात.

तार घरात येते

कोठारात वीज शिरू नये ही इच्छा. तारायंत्राचं मात्र उलटं होतं. त्याची तार शेकडो मैल उघड्यावरून येऊन खिडकीतून थेट टेबलावर पोचायची. १८५५च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानातली तारसेवा लोकांसाठी खुली झाली. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले आणि देशभरातल्या तारघरांमध्ये, तारमास्तरांच्या हाताखाली, आकाशाशी जोडलेलं एकेक यंत्र आलं. कुठे तरी चाळीस मैलांवर वीज पडली तरी इथे यंत्रातून ठिणगी उडे.

१८४०च्या दशकात युरोप-अमेरिकेत यावर जो तोडगा निघाला तो आजही आपल्या घरात आहे. तार यंत्रात शिरण्यापूर्वी धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवायच्या, मध्ये कागदाच्या जाडीएवढी फट. एक पट्टी तारेला जोडलेली, दुसरी जमिनीला. संदेशाचा दाब थोडा असतो, तो फट ओलांडू शकत नाही आणि मुकाट यंत्रात जातो. विजेचा दाब प्रचंड, तो फट ओलांडून जमिनीत जातो. दार कुणी उघडायला नको, लावायला नको. पुढे या फटीला काचेच्या किंवा सिरॅमिकच्या नळीत वायू भरून बंद केलं, तीच आजची गॅस ट्यूब. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत झिंक ऑक्साइडची एक वडी तयार झाली, जी साध्या दाबाला अडवते आणि दाब वाढला की वाट देते. तुमच्या स्पाइक गार्डच्या पट्टीत जी निळी किंवा पिवळी चकती असते ती हीच. कल्पना मात्र तारमास्तरांच्या काळातलीच आहे.

एक गोष्ट तेव्हाच लोकांच्या लक्षात यायला हवी होती. संरक्षक बसवलेला असूनही यंत्रं जळत होती. जाड तार, खोल खड्डा, तरीही. का?

१८८८

याचं उत्तर १८८८ साली मिळालं आणि त्यासोबत रेडिओही मिळाला.

लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने ऑलिव्हर लॉज या भौतिकशास्त्रज्ञाला वीजवाहकांवर व्याख्यानं द्यायला बोलावलं होतं. तयारीसाठी तो लायडन जार भारून त्यांच्या ठिणग्या पाडत बसला. त्याने विजेला दोन वाटा दिल्या: एक तांब्याची जाड तार, दुसरी हवेतली फट. शहाणी वीज तारेतून जायला हवी होती. ती फटीतून गेली. तांब्याचा रोध नगण्य असूनही तिला तार नकोशी वाटली.

लॉजचं म्हणणं असं की वीज म्हणजे नदीसारखा संथ प्रवाह नव्हे, ती एक झटका आहे. तारेतला प्रवाह अचानक वाढू लागला की तार स्वतःच त्याला विरोध करते. भरलेली बैलगाडी जशी एकदम पळवता येत नाही तसं. या विरोधाचा तारेच्या जाडीशी फारसा संबंध नाही, लांबीशी आहे.

आकडे मांडून बघू. विजेचा एक मध्यम फटका ३० हजार अँपिअरचा असतो. १० मीटर लांब, ५० चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध इतका कमी की तिच्या दोन टोकांमध्ये रोधामुळे फक्त शंभरेक व्होल्टचा फरक पडेल. शाळेतलं गणित इथे संपतं आणि आपण निर्धास्त होतो. पण हा प्रवाह एका मायक्रोसेकंदात १० हजार अँपिअरने वाढत असेल, तर त्याच तारेच्या प्रत्येक मीटरवर साधारण १० हजार व्होल्ट उभे राहतात. १० मीटरवर एक लाख. म्हणजे जमिनीतला खड्डा कितीही उत्तम असो, पहिल्या मजल्यावरच्या टेबलाला तो एक लाख व्होल्ट दूर आहे. वाटेत वळणं, वेटोळी दिली असतील तर आणखी दूर.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाथ शहरात ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत लॉजची टपालखात्याच्या विल्यम प्रीसशी जाहीर जुंपली. प्रीसकडे हजारो संरक्षकांचा अनुभव होता, लॉजकडे प्रयोग होते. आज आपण लॉजच्या बाजूने आहोत. पण त्याहून गंमत अशी की तारांवर ठिणग्या खेळवताना लॉजला विद्युत्चुंबकीय लाटा दिसल्या, आणि त्याच वर्षी जर्मनीत हेन्रिक हर्ट्झने त्या हवेत पकडून दाखवल्या. सात वर्षांनी, १८९५ मध्ये, रशियात अलेक्झांडर पोपोवने दूरच्या विजांची नोंद करणारं यंत्र बनवलं आणि त्याला अँटेना म्हणून काय जोडलं, तर वीजवाहक सळई. बिनतारी संदेशवहन हे विजेपासून बचाव करण्याच्या खटाटोपातून जन्मलेलं पोर आहे. त्याच वर्षी मार्कोनीने तारेचं एक टोक उंच टांगलं, दुसरं जमिनीत गाडलं आणि त्याचा संदेश टेकडीपलीकडे गेला. म्हणजे जमीन आता दोन कामांची झाली: रक्षणाची आणि बोलण्याचीही.

१८८८ हे साल आपल्या किनाऱ्यालाही ठाऊक आहे, वेगळ्या कारणाने. बाथच्या वादानंतर दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, 'वैतरणा' ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणायचे. उजेड पाडणारी वीज तिच्याकडे होती. हाक मारणारी वीज अजून शोधली जायची होती.

स्विच खाली करा

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी पुण्याजवळ खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांमधून इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवाही सुरू झाली. घरी रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपये परवाना फी होती. त्या काळच्या सेटच्या मागे दोन भोकं असत, एक एरियलसाठी आणि एक अर्थसाठी. छपरावरून तार यायची, खिडकीपाशी चाकूसारखा स्विच असायचा. पाती वर केली की तार रेडिओला, खाली केली की तार थेट जमिनीला. ढग दिसले की पाती खाली.

श्रोत्यासाठी हा उपाय चांगलाच होता. गाणं एक दिवस बुडलं तर बिघडत नाही. आमच्या घरात व्हॉल्व्हचा रेडिओ आला तेव्हाही हीच शिस्त होती असं मामा सांगतो. फरक इतकाच की कोकणात मे अखेरीस पाती एकदा खाली गेली की आजोबा ती बरेच दिवस वर करायचे नाहीत.

पण रेडिओ केवळ ऐकायचं साधन कधीच नव्हता. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा जवळच्या एका जहाजाचा बिनतारी कामगार झोपला होता. १९१४च्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या जहाजांवर चोवीस तास कान उघडा ठेवण्याचा नियम आला तो त्यातून. आपल्याकडे १७ जुलै १९४७ला, स्वातंत्र्याला महिना उरलेला असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. मुंबई डोळ्यांच्या टप्प्यात होती. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे शहराला बातमी कळली ती वाचलेली माणसं किनाऱ्याला लागल्यावर, दिवस कलताना. 'विजळी'च्या वेळी यंत्र जगातच नव्हतं. 'रामदास'च्या वेळी जगात होतं, बोटीवर नव्हतं.

आता यंत्र आहे. मच्छीमार बोटींवर व्हीएचएफ सेट असतात, १६ नंबरचं चॅनल संकटासाठी राखलेलं असतं. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जाळ्यात देशभरच्या ७४ दीपगृहांवर जहाजांची ओळख टिपणारी एआयएस यंत्रं बसली. आता प्रश्न तिसरा आहे: यंत्र आहे, बोटीवर आहे, किनाऱ्यावर आहे, पण नेमक्या त्या तासाला चालू आहे का?

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी बोटी समुद्रात होत्या. काही परतल्या नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ पलीकडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगडात लाईट आणि मोबाइल अनेक दिवस गप्प झाले. अशा वेळी किनाऱ्यावरच्या खोलीतल्या सेटला 'पाती खाली' करून चालत नाही. त्या सेटची नोकरीच वादळात असते.

जमीन आपल्याला वाटते तशी नाही

मग वीज पडत असताना यंत्र जोडलेलं कसं ठेवायचं? इथे जांभा आडवा येतो.

तीन मीटरची, बोटभर जाडीची सळई देशावरच्या ओल्या काळ्या मातीत ठोकली तर तिचा जमिनीशी रोध तीन-चार ओहम येऊ शकतो. तीच सळई कोरड्या जांभ्यात, जिथे मातीचा विशिष्ट रोध हजार ओहम-मीटरच्या घरात जातो, तिथे तीनशे ओहमच्या पुढे जाईल. म्हणून मीठ-कोळशाचा खड्डा, म्हणून "अर्थिंगला पाणी घाला" हा इलेक्ट्रिशियनचा सल्ला. आपल्याकडे अर्थिंगचं मानक, आयएस ३०४३, १९६६ पासून आहे आणि त्यात मातीच्या प्रकाराचा विचार आहे. पण गावात काम सवयीने होतं आणि ती सवय बहुतेकदा देशावरून आलेली असते.

पण मुद्दा याच्याही पुढचा आहे. समजा खड्डा उत्तम जमला, दहा ओहम आला. त्यातून ३० हजार अँपिअर गेले की त्या जागेची जमीन क्षणभर तीन लाख व्होल्टवर चढते. जमीन म्हणजे शून्य, हे आपण शाळेत शिकतो. वीज पडताना तिथली जमीन शून्य नसते.

मग यंत्र वाचतं कसं? जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे याचं उत्तर दिलं होतं, आणि तेही दारूच्या कारखान्याचंच उदाहरण घेऊन. इमारतीभोवती तांब्याच्या तारांचं जाळं करा आणि आत येणारा प्रत्येक धातू त्याला जोडा, असं तो म्हणाला. मग आख्खी इमारत कितीही व्होल्टवर चढो, आतल्या दोन वस्तूंमध्ये फरकच पडणार नाही, आणि फरक नसेल तर ठिणगी नाही. भरतीला होडी वर जाते, होडीतल्या कुणाला धक्का बसत नाही. धक्का बसतो तो एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर ठेवणाऱ्याला.

गावोगाव रेडिओ, केबल, इंटरनेटची यंत्रं जळतात ती अशीच. गावातल्या एका घरात मी हे पाहिलं. अँटेनेची तार समुद्राच्या बाजूच्या स्वतंत्र खड्ड्यात, मीटरचं अर्थिंग मागच्या परसात, दोघांत पंधरा-वीस मीटर. बसवणाऱ्याने अभिमानाने सांगितलं होतं की रेडिओसाठी 'वेगळं, शुद्ध अर्थिंग' दिलंय. वळवाच्या पहिल्या दिवशी शेजारच्या माडावर वीज पडली. पुढची जमीन वर चढली, मागची तितकी चढली नाही, आणि या दोघींमधला सर्वांत सोपा रस्ता होता टेबलावरच्या सेटमधून: अँटेनेच्या तारेतून आत, प्लगमधून बाहेर. सेटचा एक पाय होडीत होता, एक धक्क्यावर. दोन्ही खड्डे आपापल्या जागी निर्दोष होते.

म्हणून आज जिथे हे काम नीट होतं तिथे पद्धत अशी. अँटेनेची तार, लाईट, टेलिफोन, जे काही आत येतं ते भिंतीवरच्या एकाच धातूच्या पत्र्यापाशी येतं. प्रत्येकाचा संरक्षक त्याच पत्र्यावर, अँटेनेला गॅस ट्यूब, लाईटला झिंक ऑक्साइड. पत्रा रुंद, आखूड, सरळ पट्टीने खालच्या जमिनीला जोडलेला, कारण लॉज. घराचे सगळे खड्डे एकमेकांना जोडून घराभोवती एक वळं केलेलं, कारण मॅक्सवेल. जांभ्यात खोल जाता येत नसेल तर पट्टी आडवी पसरायची, सभोवती पाणी धरून ठेवणारी माती घालायची. मग रोध तीनच्या जागी तीस आला तरी सेट जगू शकतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच होडीत आहेत. आणि मुख्य म्हणजे पाती खाली करावी लागत नाही. माणसाने मात्र हेडफोन काढून दूर बसावं, ते बदललेलं नाही.

माझ्या सेटसाठी मी हेच केलं. मामाने वळ्यासाठी चर खणायला दोन माणसं दिली आणि हे सगळं बघून एवढंच विचारलं, "अरे, एवढं तांबं जमिनीत पुरतोस, वर दिसणार काय?"

दिसत नाही ते

त्याचा प्रश्न बरोबर होता. अंजनवेलमध्ये जमिनीत सर्वांत जास्त धातू पुरला असेल तो वीजप्रकल्पाच्या आवारात. अशा केंद्राच्या स्विचयार्डखाली पट्ट्यांची चौकटीचौकटीची जाळी असते, वर खडी पसरलेली असते. ती खडी शोभेची नसते. जमीन वर चढली तर माणसाच्या दोन पावलांमधून प्रवाह जाऊ नये म्हणून असते. या प्रकल्पावर १९९३ पासून करार झाले, मोडले, पुन्हा झाले. १९९९च्या मे महिन्यात वीजनिर्मिती सुरू झाली, २००१च्या मेमध्ये थांबली, २००५ मध्ये नवी सरकारी कंपनी आली. दर, कर्ज, भ्रष्टाचार, पोलिसी दडपशाही यांवर ग्रंथ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. जमिनीखालच्या जाळीबद्दल कुणी लिहिलं नाही, कारण तिने कधी बातमी होण्यासारखं काही केलं नाही. अर्थिंगच्या यशाचं हेच रूप असतं.

आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहतं. मनोऱ्याचं उद्घाटन होतं, सेटचा फोटो निघतो, पट्टीचं काहीच होत नाही. पाच-सात वर्षांनी खाऱ्या हवेत जोड गंजतो, कुणीतरी पट्टी भंगारात विकतो, नवीन केबलवाला आपला वेगळा खड्डा खणून जातो. वरून सगळं तसंच दिसतं. देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि त्यांना वेळेवर सावध करणारी व्यवस्था शेवटी कुठल्या तरी खोलीतल्या यंत्रावरच उभी असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजा टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं उभारलंय, त्यावरून मोबाइलवर इशारा येतो. पोपोवचीच कल्पना, मोठ्या आकारात. पण इशारा देणारा टॉवर पहिल्याच कडाडण्यात गप्प झाला तर तो इशारा कुणाला मिळणार?

एक साधी गोष्ट सुचवून थांबतो. अर्थिंगची वार्षिक मोजणी आपल्याकडे सोयीनुसार होते. पावसाळ्यात मोजली तर जांभा पाणी पिऊन बसलेला असतो, आकडा सुंदर येतो, रजिस्टरात लिहिला जातो. पण वीज त्या जमिनीवर पडत नाही. ती पडते मे अखेरच्या, तडे गेलेल्या, कोरड्या सड्यावर. किनाऱ्यावर जिथे जिथे संकटाची हाक ऐकण्यासाठी सेट ठेवलेला आहे, पोलीस चौकीत, बंदर कार्यालयात, मच्छीमार सोसायटीत, तिथे ही मोजणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात व्हावी, पहिल्या वळवाच्या आधी, आणि मोजताना प्रत्येक जोड हाताने हलवून पाहावा. खर्च जवळजवळ काही नाही. माझ्या वळ्याचा आकडा मी दर मेमध्ये भिंतीवर पेन्सिलीने लिहितो. यंदाचा सत्तावीस ओहम आहे. काळ्या मातीतला इंजिनियर हसेल, पण सेट चालू आहे.